कूलंट मरत नाही, आपण त्याला मारतो

दोन दिवस बंद असलेलं सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं धातू कापायचं मशीन, चालू केलं, पंप सुरू झाला आणि कुजक्या अंड्यासारखा भपकारा आला की लोक म्हणतात कूलंट गेलं, म्हणजे कापताना टूल थंड ठेवायला त्यावर सोडतात ते द्रव खराब झालं. मग टाकी उपसा, नवीन भरा. पण तो वास कूलंटचा नसतोच, त्यात बिऱ्हाड केलेल्या बॅक्टेरियांचा असतो.

दुधासारखं दिसणारं हे कूलंट म्हणजे बहुतेक पाणीच, तेल साधारण 5 ते 10 टक्के. पाणी उष्णता झटकन ओढून घेतं. टूलवर पाण्याची जाड धार सोडली तर कापायचा वेग 30-40 टक्के वाढवता येतो हे अमेरिकन इंजिनियर फ्रेडरिक टेलरने 1907 मध्येच लिहून ठेवलंय. आता खनिज तेलाऐवजी वनस्पतीजन्य एस्टर घातले की ते निसर्गात लवकर विघटित होतं, छानच आहे, पण बाहेरचे बॅक्टेरिया जे आवडीने खातात ते टाकीतले कशाला सोडतील?

त्यात मशीनचंच स्लाइडवेचं (ज्यावर मशीनचे भाग सरकतात त्या पट्ट्यांचं), हायड्रॉलिकचं तेल गळून वर तरंगतं. मशीन थांबलं की ही साय हवा अडवते, खाली ऑक्सिजनशिवाय जगणारे जंतू फोफावतात आणि पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात, झाला भपकारा. पीएच 9 च्या आसपास हवा तो घसरतो, जॉबवर, म्हणजे कापायच्या धातूच्या तुकड्यावर, गंज येतो, इमल्शन फुटतं, म्हणजे तेल आणि पाणी वेगळं होतं.

म्हणून रिसायकलिंगची सुरुवात स्किमरने वरचं तेल काढण्यापासून. मग फिल्टर किंवा मॅग्नेटने धातूच्या बारीक चिप्स, जमलं तर सेंट्रिफ्यूज, म्हणजे गरगर फिरवून वेगळं करणारं यंत्र. कूलंट किती दाट आहे ते दाखवणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर एक थेंब टाकून बघा, निळ्या-पांढऱ्याची रेघ स्वच्छ दिसली तर बरं, धूसर असेल तर बाहेरचं तेल आत मिसळलंय. टॉप-अपला नुसतं नळाचं पाणी ओतत राहणं ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक, कारण उडून जातं ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात आणि दर वेळी वाढत जातात. आरओचं पाणी घ्या, त्यात थोडं कूलंटचं तेल मिसळून पातळ मिक्स करा आणि तेच टाका. आणि हो, तेल पाण्यात ओतायचं, पाणी तेलात नाही!

एवढं करूनही एक दिवस ते संपतंच. तेव्हा अल्ट्राफिल्ट्रेशनच्या मेम्ब्रेनमधून, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून, नेलं की दुधाळ आत जातं आणि बाहेर जवळजवळ नितळ पाणी येतं. दिसायला नितळ हां, विरघळलेली रसायनं त्यातून पार होतात, त्यामुळे ते पुढच्या प्रक्रियेशिवाय गटारात सोडायचं नाही.