एकच दात काळा पडलाय? कॅप बसवायच्या आधी हे वाचा

कोथरूड, कर्वेनगरकडून येणारे बरेच पेशंट हेच विचारतात, डॉक्टर, रोज दोनदा ब्रश करते तरी समोरचा हा एकच दात काळपट का? घासून तो जाणारच नाही, कारण डाग आतून आहे. लहानपणी पडल्यावर, टू-व्हीलर घसरल्यावर किंवा बॉल लागल्यावर दाताची नस मरते, आतलं रक्त दाताच्या बारीक नळ्यांमध्ये शिरतं आणि त्यातल्या लोहामुळे दात करडा होत जातो, कधी कधी तर मार लागून वर्षं उलटल्यावर लक्षात येतं.

अशा दाताला सरळ कॅप घाला असं खूप ठिकाणी सांगतात. आम्हाला ते पटत नाही. कॅपसाठी दात चारी बाजूंनी तासावा लागतो आणि तासलेला दात परत येत नाही, म्हणून दात मजबूत असेल तर आधी आतून ब्लीच करून बघा.

पहिल्यांदा एक्स-रे. रूट कॅनाल झालेलं नसेल किंवा नीट नसेल तर आधी ते. मग दाताच्या मागून छोटं भोक पाडून रूट कॅनालचं फिलिंग हिरडीच्या थोडं खाली, साधारण 2 मिलिमीटर काढतो आणि तिथे सिमेंटचा तेवढाच जाड थर देतो, हा थर आम्ही कधीच टाळत नाही कारण ब्लीचचं औषध बाहेर झिरपलं तर दाताच्या मानेपाशी मूळ झिजू शकतं. मग ते औषध, म्हणजे सोडियम परबोरेटची पांढरी पूड, पाण्यात ओल्या वाळूइतपत कालवून आत भरायची, वर तात्पुरतं फिलिंग, आणि तुम्ही घरी. ही पद्धत 1961 पासूनची आहे. जास्त कडक पेरॉक्साइड किंवा गरम करून ब्लीच, हे आम्ही करत नाही, त्यात मूळ झिजायचा धोका वाढतो.

आठवड्याने औषध बदलतो, असं साधारण दोन ते चार वेळा, आणि दर वेळी खिडकीपाशी उभं करून शेडची (दातांच्या रंगछटांची) पट्टी दाताला लावून बघतो. तोवर त्या दाताने पेरू, चिक्की तोडू नका, आणि फिलिंग निघालं तर त्याच दिवशी फोन करा. कायमचं फिलिंग मात्र ब्लीच संपल्यावर आठवडा-दोन आठवड्यांनी, लगेच केलं तर दातात उरलेल्या ऑक्सिजनमुळे ते नीट चिकटत नाही.

चांदीच्या फिलिंगचे डाग सहसा याने जात नाहीत, आणि काही वर्षांनी रंग थोडा परत येऊ शकतो, हे आधीच सांगून ठेवतो. जुने एक्स-रे असतील तर येताना आणा आणि शक्यतो दिवसा उजेडातली वेळ घ्या.