थेट उपशीर्षके

वक्ता बोलत असतानाच त्याचे बोलणे मजकुराच्या रूपात पडद्यावर उमटविण्याची पद्धत. ऑनलाइन सभा-संमेलनांत ‘लाइव्ह कॅप्शन’ हेच नाव रूढ आहे. बधिर व ऊनश्रवण (कमी ऐकू येणाऱ्या) व्यक्तींसाठी ती निघाली, तरी आवाज तुटत असेल तेव्हा इतरही तिचा आधार घेतात.

उगमाबद्दल एकमत नाही. अमेरिकी मांडणी दूरचित्रवाणीपासून सुरू होते : बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएच केंद्राने १९७२ मध्ये एका पाककृतींच्या मालिकेला सर्वांना दिसणारी उपशीर्षके जोडली, हवी त्यालाच दिसणारी उपशीर्षके मार्च १९८० पासून नियमित झाली, आणि १९८२ च्या ऑस्कर समारंभात ती थेट प्रक्षेपणाबरोबर आली. मात्र ब्रिटिश खासदार जॅक ॲश्ली यांचे उदाहरण या थेट प्रक्षेपणाच्या आधीचे आहे. १९६७ च्या सुमारास त्यांची श्रवणशक्ती गेली. १९७० च्या दशकात साउदॅम्प्टन विद्यापीठातील ॲलन न्यूवेल यांच्या गटाने पॅलनटाइप या लघुलेखनयंत्राला संगणक जोडून कॉमन्स सभागृहातील भाषणे त्यांच्यापुढे अक्षरांत आणली. मजकूर बराचसा उच्चारानुसारी असे, शुद्धलेखन वाचणाऱ्याने मनात करून घ्यायचे. आजच्या ऑनलाइन सभेचे पूर्वरूप हेच मानणे अधिक सयुक्तिक वाटते. कारण येथे वाचणारा नुसता प्रेक्षक नव्हता, त्याला उठून उत्तर द्यायचे होते.

बोलणे टिपण्याच्या पद्धती तीन. पहिली लघुलेखनयंत्राची : त्यात अनेक कळा एकदम दाबून एका ठोक्यात शब्दाचा एखादा उच्चारखंड किंवा अख्खा शब्द नोंदवतात. अमेरिकेतील व्यावसायिक परीक्षेत न्यायालयीन साक्षीच्या उताऱ्यासाठी मिनिटाला २२५ शब्दांचा वेग लागतो. दुसऱ्या पद्धतीत एक जण ऐकलेले स्पष्ट स्वरात पुन्हा उच्चारतो व वाक्-अभिज्ञान प्रणाली (बोलणे ओळखणारी संगणकप्रणाली) ते लिहिते. तिसरी पूर्ण स्वयंचलित. ती विशेषनामे, एकाच वेळी बोलणारे दोघे आणि मराठी-इंग्रजी सरमिसळ येथे अडखळते. मराठी लघुलेखनाची परंपरा मुख्यतः कागद-पेन्सिलीची.

२००८ च्या वेब आशय सुलभता मार्गदर्शक तत्त्वांत (आवृत्ती २.०) ध्वनिमुद्रित आशयाची उपशीर्षके ‘ए’ या किमान पातळीवर, तर थेट उपशीर्षके त्याहून वरच्या ‘एए’ पातळीवर आहेत. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमांसाठी उपशीर्षके, सांकेतिक भाषेतील निर्वचन (भाषांतर) व ध्वनिवर्णन (दृश्याचे बोलून केलेले वर्णन) यांचा उल्लेख आहे. सांकेतिक भाषा हीच प्रथम भाषा असणाऱ्यांना केवळ उपशीर्षके पुरत नाहीत.

वक्त्यांची नावे व पारिभाषिक शब्द उपशीर्षके लिहिणाऱ्याकडे आधी पोहोचवणे ही जुनी, स्वस्त आणि बहुधा विसरली जाणारी तयारी. मजकूर काही सेकंद मागून येतो, ‘कोणाला प्रश्न?’ असे विचारून सूत्रसंचालक लगेच पुढे सरकला, तर वाचणाऱ्याचा हात वर होईपर्यंत पुढचा विषय सुरू झालेला असतो.