दुःखाच्या घरातला पहिला सण

वर्षभरात ज्या घरी माणूस गेलं, तिथे दिवाळीला तळणीची कढई चढत नाही, आकाशकंदीलही लागत नाही. तरी फराळ येतो: शेजारून चिवडा, मावशीकडून लाडू, माहेरहून चकल्या. दुःखातल्या घराला बाहेरून अन्न पोचवण्याची ही पद्धत फार जुनी आहे. गेलेल्याच्या गतीइतकाच मागे उरलेल्यांचा विचार आपल्या परंपरेत आरंभापासून दिसतो.

इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतल्या याज्ञवल्क्य स्मृतीत दहनानंतरचा प्रसंग बारकाईने आला आहे. उदक देऊन, आंघोळ करून आलेली मंडळी कोवळ्या हिरवळीवर बसतात. जाणती माणसं त्यांना जुन्या कथा सांगून धीर देतात. मग पोरंबाळं पुढे घालून सगळे घरी निघतात आणि दाराशी कडुनिंबाचा पाला चावतात. त्या दिवसांत घरच्यांनी विकतचं किंवा कुणी दिलेलं अन्न खावं, असंही पुढे सांगितलं आहे. आपल्याकडे शेजारीपाजारी पिठलं-भाकरी आणून 'कडू घास' भरवतात, तो याच वाटेवरचा. या स्मृतीवर विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, मिताक्षरा ही टीका लिहिली. मिताक्षरा म्हटलं की वारसाहक्काचे खटले आठवतात. पण हिरवळीवर बसलेली ती माणसंही त्याच ग्रंथात आहेत, हे सांगायला हवं.

आठवणीसाठी पंचांगातही जागा ठेवलेली आहे. पितृपक्षात अहेवपणी गेलेल्या बाईची अविधवा नवमी, शस्त्राने मारल्या गेलेल्यांची चतुर्दशी, आणि ज्यांची तिथीच ठाऊक नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांच्या 1790 च्या 'धर्मसिंधू' या ग्रंथातून असे निर्णय घरोघर पोचले.

खान्देशात मात्र ही आठवण ऐन सणातच येऊन बसते. आखाजीला, वैशाख शुद्ध तृतीयेला, नवी मातीची घागर पाण्याने भरतात, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, सोबत सांजोऱ्या आणि आंबे. आमरस-पुरणपोळीचा पहिला घास पितरांचा. त्याच दिवशी अंगणातल्या निंबाला झोका बांधलेला असतो आणि माहेरवाशिणी त्यावर गाणी म्हणत असतात. रडणं आणि गाणं एका अंगणात मावतं, ही या सणाची मला सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

ही वीण 2020 मध्ये उसवली. टाळेबंदीत अंत्यविधीला जास्तीत जास्त 20 माणसांचीच मुभा होती. कितीतरी घरांत कडू घास आला नाही, दुखवटा घेऊन कुणी जाऊ शकलं नाही. निर्बंध उठले, तरी 'सणासुदीचं त्यांना कशाला आठवण करून द्यायची' म्हणत न जाणारे आजही भेटतात. त्या घराला आठवण करून द्यावी लागत नाही. ती तिथे असतेच. डबा घेऊन गेलेल्या माणसापाशी ती बोलता येते, एवढाच फरक पडतो.