फेरिटिन ९००, हिमोग्लोबिन ८

गोव्यातल्या डिचोलीहून आठवड्यातून दोनदा बांबोळीच्या इस्पितळात डायलिसिसला जाणाऱ्या मामांच्या फायलीवर लाल शाईत ‘एचसीव्ही पॉझिटिव्ह’ लिहिलेलं असे, म्हणजे यकृताला सूज आणणाऱ्या हिपॅटायटिस ‘सी’ विषाणूची बाधा. आत हिमोग्लोबिन ८, म्हणजे रक्त कमी; आणि शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन मात्र ९००, म्हणजे भरपूर. लोहाच्या खाणींशेजारी जन्म काढलेल्या मामी विचारत, “अंगात एवढं लोह आहे, मग रक्त का होत नाही?” या प्रश्नाचं पूर्ण उत्तर वैद्यकालाही २००० नंतरच मिळालं.

१९६० मध्ये अमेरिकी डॉक्टर स्क्रिबनर यांच्या शंटमुळे, म्हणजे रक्तवाहिन्यांत कायम बसवलेल्या नळीमुळे, वर्षानुवर्षं डायलिसिस करणं शक्य झालं. पण निकामी मूत्रपिंडाकडून रक्त बनवायचा हुकूम देणारं इरिथ्रोपोएटिन पुरेसं येत नाही, म्हणून रक्त चढवणं आलं. एका बाटलीत २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असतं आणि जादा लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. त्याच बाटल्यांतून विषाणूही आले. एडिंबरात १९६९-७० च्या ‘बी’ काविळीच्या साथीत रुग्णांसोबत कर्मचारीही दगावले. ‘सी’ विषाणूची ओळख पटली ती १९८९ मध्ये. त्याच वर्षी अमेरिकेत इरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनला मंजुरी मिळाली आणि बाटल्यांची गरज घटली.

पुढे अनेक ठिकाणी दिसलं, की डायलिसिसवरच्या काही ‘सी’बाधितांना हे इंजेक्शन कमी लागतं. सुजलेलं यकृत स्वतःच थोडं इरिथ्रोपोएटिन बनवत असावं, असा तर्क आहे. मामांच्या नशिबी ते नव्हतं.

खरा उलगडा हेप्सिडिनने केला. यकृतात तयार होणारं हे छोटं संप्रेरक २००१ च्या सुमारास पुढे आलं. पेशींतून लोह बाहेर पडण्याचं दार म्हणजे फेरोपोर्टिन, आणि ते हेप्सिडिन बंद करतं, हे २००४ मध्ये कळलं. मूत्रपिंड निकामी झालं की हेप्सिडिन साचतं, दार बंद राहतं, लोह कोठारात अडकतं. ‘सी’ विषाणू नेमकं उलटं करतो: हेप्सिडिन दाबतो, अन्नातलं लोह जास्त शोषलं जातं आणि यकृतात साठतं. दोन्ही आजार एकाच माणसात आले की ही ओढाताण सुरू होते. त्यात सुजलेल्या यकृतातून फेरिटिन रक्तात उतरतं, म्हणजे तो आकडा साठ्याबरोबर सूजही मोजतो. म्हणून फेरिटिन एकट्याने वाचू नये, असं मी कळकळीने सांगतो. सोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन किती टक्के लोहाने भरलेलं आहे, तेही बघावं.

मामांचं ते १४ टक्के निघालं, म्हणजे कमीच.