स्वयंपुष्पी गांजा : घरातील रोपावस्था

दिवस लहान होण्याची वाट न पाहता ठरावीक वय झाले की फुलोऱ्यावर येणाऱ्या गांजाच्या वाणांना स्वयंपुष्पी किंवा ऑटोफ्लॉवर वाण म्हणतात. लागवड करणाऱ्यांच्या बोलण्यात ते नुसते ‘ऑटो’ असतात. बी रुजल्यापासून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्यांची पहिली फुले दिसू लागतात आणि बहुतेक वाण ७० ते ९० दिवसांत काढणीला येतात. एवढ्या आखूड आयुष्यात पहिले तीन आठवडे म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. म्हणूनच या वाणांच्या बाबतीत रोपावस्थेला इतर गांजापेक्षा कितीतरी जास्त महत्त्व आहे. जर्मनी, कॅनडा यांसारख्या देशांत प्रौढ व्यक्तींना घरी मोजकी झाडे लावण्याची कायद्याने मुभा आहे. तिथे घरातल्या दिव्याखाली रोपे वाढवण्याची जी पद्धत रुळली आहे, तिचे वर्णन येथे केले आहे. भारतात अशी लागवड हा गुन्हा आहे.

वयाचे घड्याळ

गांजाचे सामान्य झाड लघुदिवसी असते. रात्र पुरेशी मोठी झाल्याशिवाय ते फुलत नाही. ज्युलियन तूर्न्वा या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१२ च्या सुमारास हॉप ही वेल आणि भांग, म्हणजे गांजाचीच वनस्पती, या दोन वनस्पतींना मुद्दाम थोडाच वेळ उजेड दिला, तेव्हा त्या वेळेआधी फुलल्या. पहिल्या महायुद्धात त्याचा मृत्यू झाला आणि हे काम अर्धवट राहिले. पुढे १९२० मध्ये गार्नर आणि ॲलर्ड या अमेरिकी संशोधकांनी तंबाखू आणि सोयाबीनवरील प्रयोगांतून दीप्तिकालितेचा, म्हणजे दिवस-रात्रीच्या लांबीवरून फुलोरा ठरण्याचा, सिद्धान्त मांडला, आणि पाठ्यपुस्तकांत त्यांचीच नावे राहिली. या सिद्धान्ताची पहिली चाहूल भांगेच्या रोपांत लागली होती, हे विसरले जाऊ नये. शेवंतीचा फुलोरा लांबणीवर टाकण्यासाठी पॉलिहाऊसमध्ये रात्री दिवे लावतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

घरात वाढवलेल्या सामान्य गांजाला रोज १८ तास उजेड दिला, तर तो महिनोन्‌महिने नुसता वाढत राहतो. उजेड १२ तासांवर आणला की फुलोरा सुरू होतो. स्वयंपुष्पी वाणांवर या बदलाचा परिणाम होत नाही. १८ तास उजेडातही ते आपल्या वेळेला फुलतात.

हा गुण आला तो उत्तरेकडच्या रानटी भांगेतून. रशियाच्या आग्नेय भागात व्होल्गेच्या परिसरात रस्त्याकडेला आणि पडीक जमिनीवर उगवणाऱ्या बुटक्या भांगेचे वर्णन सारातोव्ह येथील दिमित्री यानिशेव्स्की यांनी १९२४ मध्ये कॅनाबिस रुडेरॅलिस या नावाने केले. तिची बी लहान असते आणि पिकताच गळून पडते. उत्तरेकडे उन्हाळ्यात दिवस फार मोठे असतात, आणि ते लहान होईपर्यंत थंडी दारात येते. मोठ्या रात्रीची वाट पाहणारे झाड तिथे बी धरण्याआधीच गारठून मरेल. त्यामुळे वय पाहून फुलणारी झाडेच तिथे टिकली. ही स्वतंत्र जाती आहे, की लिनीयसने १७५३ मध्ये नाव दिलेल्या कॅनाबिस सटायव्हाचेच एक रूप, यावर वाद आहे. आज अनेक वनस्पतिशास्त्रज्ञ एकच जाती मानतात आणि ते अधिक पटते, कारण या सर्व प्रकारांचा आपापसांत संकर सहज होतो.

रानटी भांगेशी केलेले स्वयंपुष्पी संकर सर्वत्र पोहोचले ते या शतकाच्या सुरुवातीला कॅनडात तयार झालेल्या ‘लोरायडर’ या वाणामुळे. तो गुडघ्याएवढाही होत नसे आणि उत्पन्नही बेताचेच होते. पण खिडकीत मावणारे, दिव्याच्या वेळापत्रकाची कटकट नसलेले झाड म्हणून लोकांनी तो उचलून धरला. फिनलंडमध्ये १९९० च्या दशकात विकसित झालेला तेलबियांचा ‘फिनोला’ हा वाणही दिवसाच्या लांबीवर अवलंबून नसतो. त्यात नशा आणणारे द्रव्य नगण्य असते. स्वयंपुष्पी असणे आणि नशा असणे यांचा एकमेकांशी संबंध नाही.

स्वयंपुष्पी असण्याचा गुण अप्रभावी आहे. स्वयंपुष्पी आणि सामान्य झाडाच्या संकरातून येणारी पहिली पिढी सहसा दिवस पाहूनच फुलते, आणि दुसऱ्या पिढीत साधारण चौथा हिस्सा झाडे स्वयंपुष्पी निघतात. दिवसाची लांबी ओळखणाऱ्या यंत्रणेतील एका जनुकात झालेला बिघाड याच्या मुळाशी असल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले.

प्रत्येक झाड बियांपासूनच

सामान्य गांजाचे एखादे चांगले झाड ‘मातृवृक्ष’ म्हणून कायम उजेडात ठेवून त्याच्या छाटकलमांवर बागा उभ्या केल्या जातात. ऑटोच्या बाबतीत हा मार्ग बंद आहे. फांदी कापून लावली, तरी तिचे वय मूळ झाडाएवढेच राहते. मुळे फुटतात न फुटतात तोच ती फुलोऱ्यावर येते आणि खुरटी राहून संपते. शिवाय रोप आजारी पडले, तर ‘आणखी महिनाभर वाढू दे, मग फुलवू’ असेही करता येत नाही. रोपाने गमावलेला आठवडा पुढे भरून निघत नाही. काळजी घेण्याच्या पुढील सर्व रीतींमागे हेच एक कारण आहे.

गांजात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. बाजारातले बहुतेक ऑटो बियाणे ‘फेमिनाइज्ड’ असते. मादी झाडावर सिल्व्हर थायोसल्फेटचे द्रावण फवारले की त्याला नर फुले येतात. त्यांच्या परागांत फक्त मादीची गुणसूत्रे असल्याने बियांतून जवळजवळ सगळी मादी झाडेच उगवतात.

उगवण

गांजाचे बी हे खरे तर कठीण कवचाचे छोटे फळ आहे, ३ ते ५ मिलिमीटर लांबीचे. पक्व बी करड्या-तपकिरी रंगाचे आणि जाळीदार नक्षीचे दिसते. पांढरट हिरवे, बोटाने सहज दबणारे बी सहसा कच्चे असते. बियांत तेल भरपूर असल्याने उबदार, दमट जागी ते खवट होते आणि उगवणशक्ती झपाट्याने उतरते. म्हणून बियाणे कोरडे आणि थंड ठेवतात.

ओल, ऊब आणि हवा मिळाली की २ ते ७ दिवसांत मोड येतो. २२ ते २६ अंश सेल्सिअस तापमान मानवते. काही जण बी ओल्या कागदात ठेवून मोड आल्यावर लावतात. मात्र मुळाचे कोवळे टोक बोटांनी दुखावण्याची धास्ती तिथे असते. सरळ मातीत सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर खोल बी टोचणे अधिक सुरक्षित, आणि ऑटोसाठी तर तेच योग्य.

उगवण जवळून पाहण्यासारखी असते. आधी पांढरे मूळ खाली जाते. मग दांडी मातीतून आकडीसारखी वाकून वर येते, तिचा बाक माती बाजूला सारतो आणि बीजपत्रे मागून ओढली जातात. दांडी ताठ झाली की दोन गुळगुळीत, लंबगोल बीजपत्रे समोरासमोर उघडतात. कधी कवच टोपीसारखे डोक्यावर अडकून राहते. हवा कोरडी असली किंवा बी फार वर पेरले, की असे होते. अशा वेळी पाण्याचा थेंब सोडून कवच मऊ होऊ द्यावे. घाईने उपटले तर शेंडाच तुटतो. पहिल्या खऱ्या पानांच्या जोडीला एकेकच दातेरी दल असते, पुढच्या जोडीला सहसा तीन, मग पाच. गांजाचे ओळखीचे हाताच्या पंजासारखे पान त्यानंतर येते.

पहिले तीन आठवडे

सर्वांत आधी ठरवायची ती कुंडी. पूर्वी बंगालमध्ये नौगाव भागातले गांजा शेतकरी रोपवाटिकेत रोपे तयार करून नंतर शेतात लावत. पिकाला हंगामभराचा अवधी असल्यामुळे मुळांना बसलेला धक्का पचून जाई. ऑटोजवळ तेवढा अवधी नसतो. मुळे दुखावली तर वाढ काही दिवस थांबते, वयाचे घड्याळ मात्र चालूच राहते. त्यामुळे बी शेवटच्याच कुंडीत पेरण्याचा प्रघात आहे. कुंडी साधारण १० ते १५ लिटरची असते.

पण मोठ्या कुंडीत इवले रोप ठेवले की पाण्याचा प्रश्न उभा राहतो, आणि माझ्या मते घरगुती लागवडीतली सर्वाधिक रोपे इथेच वाया जातात. कुंडीभर पाणी ओतले, तर ते ओढून घ्यायला पुरेशी मुळे नसतात. माती दिवसेंदिवस गच्च राहते, मुळांना हवा मिळत नाही, पाने जड होऊन खाली झुकतात. ती सुकलीत असे वाटून पुन्हा पाणी दिले जाते, आणि दुखणे वाढत जाते. शेतकऱ्याचा ‘वाफसा’ कुंडीतही पाळावा लागतो. रोपाभोवती छोटे कडे करून तेवढ्यातच थोडे पाणी द्यायचे आणि पानांचा घेर वाढेल तसे कडे रुंदावत न्यायचे. वरची माती बोटभर खोल कोरडी लागली आणि कुंडी उचलून हलकी वाटली, तरच पुढचे पाणी. आरंभी रोपावर पारदर्शक झाकण ठेवून हवा दमट राखली, तर पानांतून पाणी कमी उडते. झाकण रोज थोडा वेळ काढावे लागते.

माध्यम भुसभुशीत आणि खताने हलके हवे. पीट किंवा कोकोपीटमध्ये परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) आणि थोडे गांडूळखत मिसळले तर भागते. मातीचा सामू (पीएच) ६ ते ६.५ च्या आसपास ठेवतात. पहिला आठवडा-दहा दिवस रोप बीजपत्रांतल्या शिदोरीवर जगते. त्या काळात दिलेले खत कोवळ्या पानांची टोके करपवते. बीजपत्रे पिवळी पडू लागली आणि खऱ्या पानांच्या दोन-तीन जोड्या झाल्या, की सौम्य मात्रेने खत सुरू करतात.

उजेड रोज १८ तास, काही जण २० तास देतात. आज एलईडी दिवेच जास्त वापरले जातात. रोपाला दर चौरस मीटरला, दर सेकंदाला २०० ते ३०० मायक्रोमोल प्रकाश पुरतो. मोठ्या झाडासाठीचा दिवा पूर्ण जोरावर जवळ आणला, तर पाने वर वळतात आणि फिकटतात. उजेड कमी पडला तर दांडी सुतासारखी लांबते आणि रोप आडवे होते. असे रोप वाचवता येते. दिवा जवळ आणायचा आणि दांडीला बीजपत्रांच्या खालपर्यंत मातीची भर द्यायची. छोट्या पंख्याची मंद झुळूक लागली तर दांडी जाड होते.

ज्यातून रोप वाचत नाही असा आजार म्हणजे रोपे कोलमडणे. पिथियम, रायझोक्टोनिया, फ्युजारियम हे रोगकारक गारठलेल्या, ओल्या मातीत फोफावतात. काल तरतरीत दिसणारे रोप आज मातीच्या पातळीवर पिचून आडवे पडलेले असते, आणि तिथली दांडी पाणचट, बारीक झालेली दिसते. त्यावर उपाय नाही. स्वच्छ कुंडी, मातीत ऊब आणि बेताचे पाणी हाच प्रतिबंध. ओलसर मातीवर भिरभिरणाऱ्या बारीक काळ्या माश्यांच्या अळ्याही कोवळी मुळे खातात. त्यांची संख्या चिकट पिवळ्या पट्ट्यांनी आणि मातीचा वरचा थर सुकू देऊन आटोक्यात राहते.

शेंडा खुडून झाड झुडुपासारखे करण्याचा प्रयोग ऑटोवर सहसा टाळतात. फांद्या हलकेच वाकवून बांधणे त्यांना सोसते.

कायदा

उरुग्वेने २०१३ मध्ये घरगुती लागवडीला दर घरी सहा झाडांपर्यंत परवानगी दिली. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून केंद्रीय कायद्याने दर घरी चार झाडांची मुभा आहे. क्वेबेक प्रांताने मात्र ती नाकारली, आणि २०२३ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रांताची बाजू मान्य केली. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ व्यक्ती राहत्या घरी एका वेळी तीन झाडे ठेवू शकते, मात्र ती मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी व्यवस्था करावी लागते.

भारतात अमली औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ लागू आहे. त्यातील गांजाच्या व्याख्येत शेंड्यांवाचूनचे बी आणि पाने येत नाहीत, आणि पानांपासून केलेली भांग त्यामुळेच वेगळी राहिली. लागवड मात्र परवान्याविना निषिद्ध आहे. त्यासाठी १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. धागा आणि बियांसाठी औद्योगिक लागवडीला सरकार परवानगी देऊ शकते, आणि उत्तराखंडाने २०१८ मध्ये तसा परवाना दिला. कायद्याने ‘गांजाचे झाड’ म्हणजे कॅनाबिस प्रजातीतील कोणतेही झाड. त्यामुळे कुंडीत उगवलेले बुटके ऑटोही त्यातून सुटत नाही.