महासाथीच्या लशींचे संशोधन : प्रादेशिक भेद

महासाथ एकच असली तरी तिच्यावरच्या लशी जगाच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळ्या तंत्रांनी तयार होतात. त्यांच्या चाचण्या वेगवेगळ्या लोकसमूहांवर होतात आणि एकाच लशीचे आकडेही जागा बदलली की बदलतात. लससंशोधनातील प्रादेशिक भेद म्हणजे हे सारे मिळून. कोविड-१९ च्या काळात हे भेद सगळ्यांत ठळक दिसले, त्यामुळे या नोंदीतील बहुतेक उदाहरणे २०२० नंतरची आहेत.

सुरुवात सर्वांची एकाच रेषेवरून झाली. जानेवारी २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात शांघायच्या झांग योंगझेन यांच्या गटाने नव्या विषाणूचा जनुकीय क्रम सर्वांसाठी खुला केला. पुढे मात्र ज्याने त्याने घरात असलेल्या भांड्यातच लस शिजवली. जर्मनीतील माइन्झची बायोएनटेक कर्करोगावरच्या एमआरएनए (पेशीला प्रथिन बनवण्याचा संदेश देणारा रेणू) उपचारांवर काम करत होती, तिने तेच तंत्र इकडे वळवले. अमेरिकेतील मॉडर्नाची एमआरएनए लस १६ मार्च २०२० रोजी सिॲटलमध्ये पहिल्या स्वयंसेवकाला टोचलीसुद्धा गेली. ऑक्सफर्डकडे मर्स या आजारासाठी वापरून पाहिलेला चिंपांझीचा अडेनोव्हायरस (सर्दीसारखे आजार करणारा, लशीत वाहक म्हणून वापरला जाणारा विषाणू) होता. मॉस्कोच्या गामालेया संस्थेने इबोलासाठी मानवी अडेनोव्हायरस हाताळले होते, त्यातून स्पुटनिक-व्ही आली. क्युबात ‘हिब’ जिवाणूवरची संयुग्मी लस बनवण्याचा अनुभव होता, म्हणून ‘सोबेराना ०२’ मध्ये विषाणूचा प्रथिनांश धनुर्वाताच्या टॉक्सॉइडला (निरुपद्रवी केलेल्या विषाला) जोडला गेला. चीन आणि भारत यांनी पोलिओ-रेबीजच्या लशींमुळे अंगवळणी पडलेली वाट धरली : पेशींमध्ये विषाणू वाढवायचा, रसायनाने मारायचा आणि टोचायचा. याला ‘तंत्राची निवड’ म्हणण्याची पद्धत आहे, पण तो शब्द जरा जास्तच ऐटदार वाटतो.

कोव्हॅक्सिनसाठी लागणारा विषाणू पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने भारतातील रुग्णांच्या नमुन्यांतून वेगळा केला आणि हैदराबादच्या भारत बायोटेकला दिला. माणसांबरोबरच माकडांवरही लस तपासायची होती, तर योग्य वयाची ऱ्हीसस माकडे मिळेनात. टाळेबंदीत माणसांकडून मिळणारे खाणे बंद झाल्याने ती जंगलात आत शिरली होती. वनखात्याच्या मदतीने शोधत शोधत ती अखेर नागपूरच्या बाजूला सापडली. अशी २० माकडे पुण्याच्या प्रयोगशाळेत आली. लससंशोधनाच्या इतिहासात असले तपशील सहसा तळटीपेतही येत नाहीत, पण स्थानिक परिस्थिती संशोधनाला कशी वळवते हे त्यांतूनच कळते.

तंत्र ठरवताना शीतपेटीचाही विचार करावा लागतो. फायझर-बायोएनटेकची लस सुरुवातीला उणे ७० अंशांच्या आसपास ठेवावी लागे. आपल्याकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातला आयएलआर (लशी ठेवण्याचा बर्फाच्या अस्तराचा फ्रिज) २ ते ८ अंशांवर चालतो आणि तिथून पुढे कुपी नर्सताईंच्या खांद्यावरच्या व्हॅक्सिन कॅरिअरमधून, बर्फाच्या पॅकमध्ये बसून, वाडीवस्तीवर जाते. या व्यवस्थेत उणे ७० बसत नाही. म्हणून पुण्याच्या जिनोव्हा कंपनीने एमआरएनए लस गोठवून सुकवलेल्या भुकटीच्या रूपात तयार केली. ही लस २ ते ८ अंशांत टिकते. जून २०२२ मध्ये तिला मान्यता मिळाली तेव्हा लसीकरण मोहिमेचा भर ओसरला होता. अहमदाबादच्या झायडसची झायकोव्ह-डी ही माणसांसाठी मंजूर झालेली जगातील पहिली डीएनए लस (ऑगस्ट २०२१) सुईविना द्यायची होती, पण तिचा वापर थोडाच झाला.

चाचणी कुठे घ्यायची हे साथ ठरवते. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या गटांत पुरेसे लोक आजारी पडल्याशिवाय परिणामकारकता मोजता येत नाही. चीनमध्ये २०२० च्या मध्यापर्यंत रुग्ण इतके घटले की सिनोव्हॅकला चाचण्यांसाठी ब्राझील, तुर्कस्तान आणि इंडोनेशियात जावे लागले, तर सायनोफार्मने संयुक्त अरब अमिराती आणि बहारीन गाठले. सिनोव्हॅकच्या लशीची परिणामकारकता तुर्कस्तानात ८३.५ टक्के निघाली. ब्राझीलमधील साओ पावलोच्या बुटांटान संस्थेने जानेवारी २०२१ मध्ये आधी ७८ टक्के सांगितली आणि आठवड्याभरात ५०.४ टक्के. पहिल्या आकड्यात वैद्यकीय मदत लागलेले रुग्ण धरले होते, दुसऱ्यात घरच्या घरी बरे झालेलेही आले. शिवाय तिथले स्वयंसेवक आरोग्य कर्मचारी होते, रोज रुग्णांच्या सहवासात असणारे. वर्तमानपत्रांनी मात्र हे दोन-तीन आकडे शर्यतीतल्या घोड्यांसारखे एकाखाली एक छापले.

जॅन्सेनच्या (जॉन्सन अँड जॉन्सनची कंपनी) एक डोसच्या लशीने हाच मुद्दा एकाच चाचणीत दाखवला. मध्यम ते तीव्र आजाराविरुद्ध तिची परिणामकारकता अमेरिकेत ७२ टक्के, लॅटिन अमेरिकेत ६६ आणि दक्षिण आफ्रिकेत ५७ टक्के भरली. दक्षिण आफ्रिकेत तेव्हा विषाणूचा बीटा उपप्रकार पसरला होता. त्याच देशात विट्स विद्यापीठाचे शबीर माधी यांच्या नेतृत्वाखाली ऑक्सफर्डच्या लशीची सुमारे २००० स्वयंसेवकांवर चाचणी झाली आणि बीटामुळे होणाऱ्या सौम्य-मध्यम आजाराविरुद्ध ती जवळजवळ निष्प्रभ ठरली. या लशीचे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने पाठवलेले १० लाख डोस १ फेब्रुवारी २०२१ रोजी जोहान्सबर्गला उतरले होते. आठवड्याच्या आत वापर थांबवण्यात आला. स्वयंसेवक तरुण होते, तीव्र आजाराबद्दल या चाचणीतून काही सांगता येत नव्हते, आणि म्हणून तो निर्णय घाईचा होता असे म्हणणारेही आहेत. पण चाचणी फक्त ब्रिटनमध्ये झाली असती तर ही उणीव इतक्या लवकर कळलीच नसती.

भारतात कोव्हिशील्डला (सीरमने बनवलेल्या ऑक्सफर्डच्या लशीला) मान्यता देताना परिणामकारकतेचा आकडा ब्रिटन आणि ब्राझीलचा धरला गेला. इथे सुमारे १६०० स्वयंसेवकांवर सुरक्षितता आणि प्रतिपिंडे तपासण्यात आली. कोव्हॅक्सिनला ३ जानेवारी २०२१ रोजी तिसऱ्या टप्प्याचे, म्हणजे परिणामकारकता मोजणाऱ्या मोठ्या चाचणीचे, निष्कर्ष हाती नसतानाच परवानगी मिळाली, त्यावर बरीच टीका झाली आणि ती रास्त होती. पुढे २५,७९८ स्वयंसेवकांच्या चाचणीत ती एकूण ७७.८ टक्के, आणि डेल्टा उपप्रकाराविरुद्ध ६५.२ टक्के परिणामकारक आढळली.

परदेशी तज्ज्ञ, इथली साथ आणि इथले स्वयंसेवक ही मांडणी मुंबईला जुनीच. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतून आलेल्या वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस बनवली, १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरल्यावर तयार झालेल्या कैद्यांना ती देऊन न टोचलेल्यांशी तुलना केली. त्या कैद्यांना ‘स्वयंसेवक’ म्हणावे का, हा प्रश्न तेव्हा फारसा कुणी विचारला नाही.

दुष्परिणाम हुडकण्यातही प्रदेशाचा वाटा असतो. ऑक्सफर्डच्या अडेनोव्हायरसवर आधारित लशीनंतर क्वचित होणाऱ्या रक्तगुठळ्या मार्च २०२१ मध्ये जर्मनी, ऑस्ट्रिया, नॉर्वे या देशांत ओळखल्या गेल्या. नॉर्वेत सुमारे १ लाख ३० हजार लसधारकांत ५ रुग्ण सापडले. भारतात याच लशीचे १७० कोटींहून अधिक डोस दिले गेले, पण नोंदले गेलेले प्रमाण फार कमी राहिले. याचा काही भाग लोकसमूहांतील खऱ्या फरकामुळे असू शकतो. मात्र नॉर्वेत प्रत्येक लसधारकाची नोंद रुग्णालयाच्या नोंदीशी जुळवता येते आणि आपल्याकडे तसे नाही, हे विसरून तुलना करता येत नाही.

सगळ्यांत कडू वाद विषाणूंच्या नमुन्यांवरून झाला. बर्ड फ्लूचे नमुने इंडोनेशिया जागतिक आरोग्य संघटनेला पाठवत असे. त्यांतून श्रीमंत देशांतल्या कंपन्या लस बनवू लागल्या आणि ती आपल्याला परवडणार नाही हे दिसताच आरोग्यमंत्री सिती फदिला सुपारी यांनी २००७ मध्ये नमुने रोखले. त्या पेचातून मे २०११ मध्ये इन्फ्लुएंझापुरती नमुने व लाभवाटपाची चौकट ठरली. कोविडला ती लागू नव्हती. नोव्हेंबर २०२१ मध्ये बोट्स्वाना आणि दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी ओमायक्रॉन हा नवा उपप्रकार जगाला कळवला, तेव्हा बदल्यात आधी मिळाली ती विमानबंदी. लागणाऱ्या लशींपैकी जवळजवळ ९९ टक्के आयात करणाऱ्या आफ्रिकेत केप टाउनच्या आफ्रिजेन कंपनीने २०२२ च्या आरंभी मॉडर्नाच्या लशीच्या प्रसिद्ध झालेल्या जनुकीय क्रमावरून, त्या कंपनीच्या मदतीविना, एमआरएनए लस प्रयोगशाळेत तयार करून दाखवली. २० मे २०२५ रोजी जागतिक आरोग्य सभेने महासाथ करार मंजूर केला. नमुने कोण देणार आणि बदल्यात लस कोणाला मिळणार, हे ठरवणारे परिशिष्ट मात्र पुढच्या वाटाघाटींवर सोडले.