'कोणीतरी करेल' आणि 'काही नसेल' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

गर्दी नुसती बघत उभी राहिली अशी बातमी आली की खाली कोणीतरी 'बायस्टँडर इफेक्ट' (म्हणजे बघे जितके जास्त तितकी मदत कमी) असं लिहून मोकळा होतो. पण त्या एका नावाखाली दोन वेगळ्या भानगडी आहेत आणि लोक त्या सर्रास एकच धरतात.

पहिली सगळ्यांना माहितीय. जबाबदारी वाटली जाणं. दोन घरचा पाहुणा उपाशी, संपलं. सोसायटीच्या ग्रुपवर 'लिफ्ट बंद आहे' पडतं, सगळे वाचतात, आणि फोन कोणीच करत नाही कारण सेक्रेटरीने केलाच असेल. लिफ्ट बंद आहे याबद्दल मात्र कोणालाच शंका नाही, हे लक्षात ठेवा.

दुसरी प्लुरॅलिस्टिक इग्नोरन्स, आणि खरा घोळ इथे आहे. यात 'कोण करणार' हा प्रश्न येतच नाही, गाडी त्याच्या आधीच अडकते, की मुळात काही झालंय का? जिन्यात गॅससारखा वास येतो, आपण शेजारच्यांच्या तोंडाकडे बघतो, ते निवांत दिसतात म्हणून आपण गप्प. आणि ते निवांत का, तर ते आपल्याकडे बघून गप्प बसलेत. मनातून दोघेही धास्तावलेले, पण प्रत्येकाला वाटतं घाबरट आपण एकटेच.

लाताने आणि डार्ली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या जोडीने 1968 मध्ये दोन प्रयोग छापले, ते शेजारी ठेवले की फरक लख्ख दिसतो. एकात विद्यार्थी वेगवेगळ्या खोल्यांत, इंटरकॉमवर बोलणं चालू, आणि पलीकडच्याला फिटचा झटका येतो (खोटा, टेपवरचा). ऐकणारे आपण एकटेच असं वाटत होतं त्यातले 85 टक्के झटका संपायच्या आत मदतीला उठले, आणखी चौघं ऐकतायत असं वाटत होतं त्यातले फक्त 31 टक्के. इथे कोणाला कोणाचा चेहरा दिसतच नव्हता, म्हणजे चेहरा बघून फसायचा प्रश्नच नाही.

दुसऱ्यात सगळे एकाच खोलीत फॉर्म भरतायत आणि भिंतीतल्या झरोक्यातून धूर येतोय. एकटा असेल तर 75 टक्के जण जाऊन सांगतात, पण सोबत मुद्दाम ढिम्म बसवलेले दोघं असतील तर दहातला एक. बाकीचे खोकले, डोळे चोळले, खिडकी उघडली, आणि पुन्हा फॉर्म भरायला लागले! नंतर विचारलं तर म्हणे वाफ असेल, एसीचं काहीतरी असेल, दोघांना तर तो खरं बोलायला लावणारा गॅस वाटला.

आता माणसांच्या अवस्थेकडे बघा. फिटवाल्या प्रयोगात जे उठले नाहीत त्यांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम, 'तो बरा आहे ना?' असं तेच विचारत होते. धूरवाल्यांनी मात्र आग नाहीच असं स्वतःला पटवलं होतं. म्हणून 'लोक निर्दयी झालेत' हे पालुपद मला दोन्हीकडे चुकीचं वाटतं आणि त्याचा भयंकर कंटाळा आलाय. त्यात परत 1964 मधल्या न्यूयॉर्कच्या किटी जेनोव्हीज या तरुणीच्या खुनाचे 38 साक्षीदार (नुसते बघत राहिले म्हणे) आणले जातात, जो आकडा फुगवलेला होता आणि छापणाऱ्या न्यूयॉर्क टाइम्सनेच 2016 मध्ये तसं मान्य केलंय. तरी चालूच.

दोन्ही एकाच वेळी होऊ शकतात, ते सोडा. पण उपाय वेगळे आहेत आणि म्हणून मी एवढा चिडतो. जबाबदारी वाटली गेली असेल तर बोट दाखवा, 'ओ निळ्या शर्टवाले काका, तुम्ही 108 ला फोन लावा', 'कोणीतरी लावा' नको. वासाच्या बाबतीत मात्र बोट दाखवून काय करणार, काकांना अजून काही झालंय हेच पटलेलं नाही. तिथे मोठ्याने म्हणायचं, 'मला गॅसचा वास येतोय, तुम्हाला येतोय का?' बहुतेक वेळा लगेच दोघं-तिघं म्हणतात, हो हो, मलाही मघापासून येतोय.